अष्टोत्तरशत रामायणांचा अभ्यास

पन्हाळगडावर इ. स. १७२९ मध्ये जन्मलेले मोरेश्वर रामचंद्र पराडकर, ज्यांना महाराष्ट्र मोरोपंत या नावाने ओळखतो, ते ऐन तारुण्यात बारामतीस आले आणि कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पुराणिकाची वृत्ती पत्करून १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले, एवढे सांगितले की त्यांच्या चरित्राचा बाह्य भाग जवळजवळ आटोपतो. पानिपतचा घोर प्रसंग गुदरला तेव्हा ते तिशी ओलांडून गेलेले होते. बारभाईंचे कारस्थान, वडगावची लढाई, सवाई माधवरावांच्या कारकीर्दीतील वैभव हे सारे त्यांच्या हयातीत घडले. त्यांचे यजमान बाबूजी नाईक तर पेशव्यांचे सोयरे, सावकार आणि एके काळचे प्रतिस्पर्धीही होते, त्यामुळे दौलतीच्या चढउतारांचे पडसाद बारामतीच्या वाड्यात उमटत नसतील असे म्हणवत नाही. परंतु ज्या काळात मराठी मनुष्याचे आयुष्य स्वाऱ्या, सरंजाम, सनदा आणि जप्त्या यांनी भरलेले असे, त्या काळात या गृहस्थाने चार दशके एका गावी, एका आसनावर बसून पुराण सांगितले आणि पाऊणलाखाच्या घरात जाईल इतकी कविता रचली. एवढी उमेद त्यांनी आणली कोठून, आणि वर्षानुवर्षे लिहिताना हाताला जडत्व न येता तो अधिकाधिक सराईत कसा होत गेला, हा प्रश्न केवळ पंतांच्या चरित्राचा आहे असे मला वाटत नाही. मराठीत लेखकाचे शिक्षण कसे होत आले याच्या इतिहासातील ते सर्वांत स्वच्छ वाचता येणारे प्रकरण आहे.

पंतांच्या विद्याभ्यासाची सुरुवात पन्हाळ्यासच झाली. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान बंधूंपाशी त्यांनी काव्य आणि अलंकार यांचे अध्ययन केले. त्या काळच्या अध्ययनाचे स्वरूप आपण आज सहज विसरतो. ग्रंथ छापलेला मिळत नसे. तो कोणाकडून मागून आणावा लागे, स्वहस्ते उतरून घ्यावा लागे, आणि उतरून घेता घेता तो निम्मा मुखोद्गत होई. लेखन या शब्दाखाली बोरू तासण्यापासून अन्वय लावण्यापर्यंतची सर्व कामे येत. पंतांच्या पूर्वी सुमारे शंभर वर्षे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेला दिला आहे, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी सारख्या असाव्यात, पानाच्या भोवताली जागा सोडावी, पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथाच्या शेवटापर्यंत निभवावे, निरनिराळ्या देशांचे बोरू आणून ठेवावेत, अशा बारीकसारीक सूचना तेथे आहेत. आणि त्यांतच एक सूचना अशी की तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही, म्हणून मध्यम प्रतीचे लिहावे. ज्या संताने लिहिणाऱ्याच्या वार्धक्यातील दृष्टीचाही विचार केला, त्याला लेखन हा आयुष्यभराचा व्यवसाय वाटत होता, हे उघड आहे.

त्याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकात समर्थांनी कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले आहेत. मनात येईल ते बळेच रचणे हे ढीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखे रचणे हे पाठ. आणि ईश्वरी प्रसादाने अंतःकरणातून स्रवते ते प्रासादिक. या वर्गीकरणाचा आधार घेऊन पुढच्या काळात अनेकांनी मोरोपंतांना दुसऱ्या वर्गात ढकलले आणि प्रकरण दप्तरी दाखल केले. मला हा निकाल घाईचा वाटतो. प्रसाद कोणाला केव्हा मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. पण तो मिळण्याच्या घटकेला हात तयार असावा लागतो, आणि हात तयार करण्याचा मार्ग पाठातूनच जातो. पंतांनी तो मार्ग ज्या चिकाटीने चालून दाखविला तशी चिकाटी मराठी वाङ्मयात दुसरीकडे क्वचितच आढळते.

पुराणिकाचा व्यवसाय हा त्यांच्या अभ्यासाचा पाया होता. पुराण सांगणारा चौरंगावर पोथी ठेवतो, रुमालाची गाठ सोडतो, सुटी पाने एकेक करून वाचतो, वाचलेले पान पालथे ठेवतो आणि संस्कृत श्लोकाचा अर्थ प्राकृतात उलगडून सांगतो. समोर बसलेल्या मंडळींत वृद्ध असतात, विधवा असतात, कामातून वेळ काढून आलेले कारकून असतात, एखादा शास्त्रीही असतो. या सर्वांना कथा आधीच ठाऊक असते. रामाला वनवास होणार, सीतेचे हरण होणार, लंका जळणार, हे ज्याला माहीत नाही असा एकही श्रोता त्या सभेत नसतो. मग ते येतात कशासाठी? सांगण्याची रीत ऐकण्यासाठी. आजच्या लेखकाला पुढे काय होणार या कुतूहलाचा आधार असतो; पुराणिकाला तो नाही. त्याचा प्रत्येक शब्द उघड्यावर पारखला जातो, आणि तो शब्द पडला तर पोथीवरून मान वर करताच त्याला ते कळते. असा श्रोता दररोज समोर असणे हे ज्या लेखकाच्या नशिबी आले त्याला स्फूर्ती कोठून आणावी याची विवंचना फारशी करावी लागत नाही. उद्या पुन्हा तिसऱ्या प्रहरी मंडळी जमणार असतात.

पंतांनी रामकथेवर अष्टोत्तरशत रामायणे रचली, अशी ख्याती आहे, आणि त्यांतली पुष्कळशी आज छापलेली मिळतात. एकशे आठ ही संख्या जपमाळेची आहे आणि त्यामागे भक्ती आहे, यात संशय नाही. परंतु या रामायणांची नावे नुसती चाळली तरी भक्तीबरोबर दुसरीही एक वृत्ती तेथे काम करीत होती हे ध्यानात येते. काही रामायणे छंदांच्या नावाने आहेत: ओवीरामायण, अभंगरामायण, दोहारामायण, सवायांचे, घनाक्षरीचे. एका छंदात जी गोष्ट सुखाने बसली ती दुसऱ्या छंदात बसविताना काय गळते, काय नव्याने सुचते, हे पाहण्याचा हा उद्योग आहे. मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरे रचनेत गुंफली आहेत. आणि निरोष्ठरामायणात तर कवीने ओठांनी उच्चारायचे वर्णच वर्ज्य केले आहेत.

या शेवटच्या बंधनाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे गेली, म्हणजे काय काय गेले? पहिल्या घासालाच राम गेला. ज्याचे चरित्र सांगायचे त्याचे नावच घेता येत नाही. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती आणि बिभीषण गेले. दशरथ, कैकेयी, सीता, जानकी एवढी मंडळी उरली. बाप आणि पिता गेल्यावर तात किंवा जनक यांची आठवण करावी लागते. भाऊ आणि बंधू गेल्यावर सोदर शोधावा लागतो. युद्धकांडात बाण नाही, म्हणून शर. मारणे, पडणे, पळणे, बोलणे, भेटणे, म्हणणे, पाहणे ही मराठीची रोजची क्रियापदे एका फटक्यात हातची गेली. मी, माझा, आम्ही, तुम्ही, मग, पण यांचीही तीच गत. ज्याला ही अडचण केवढी आहे याची कल्पना करवत नसेल त्याने रामाच्या वनगमनाचा प्रसंग ही पाच अक्षरे टाळून चार ओळींत लिहून पाहावा. पहिल्या ओळीतच त्याला कळून येईल की आपण शब्द निवडून लिहितो अशी जी आपली समजूत असते ती फार अंशी खोटी आहे. आपण सवयीने जिभेवर येतील ते शब्द लिहितो आणि त्यांना निवड म्हणतो. निरोष्ठ रचनेत प्रत्येक शब्दाला दारावर थांबवून त्याची झडती घ्यावी लागते. ही क्लृप्ती पंतांनी शून्यातून काढलेली नव्हे. दण्डीच्या दशकुमारचरितात मंत्रगुप्त आपली हकीगत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावलेले आहेत. दण्डीने त्या बंधनाला कथेतच एक शृंगारिक कारण दिले. पंतांना तसले कारण लागले नाही. त्यांना अडचण हवी होती, कारण ज्ञात कथेत नवे लक्ष ओतण्याचा तोच एक उपाय होता.

आर्या या छंदाशी पंतांचे नाव जे कायमचे जोडले गेले त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे. शास्त्राप्रमाणे आर्येच्या पूर्वार्धात तीस मात्रा आणि उत्तरार्धात सत्तावीस. पंत ज्याला आर्या म्हणून लिहितात ती बहुधा गीती असते, म्हणजे दोन्ही अर्धांत तीस तीस मात्रा. चार मात्रांचा एक असे सात गण आणि शेवटी एक गुरू. विषम स्थानी जगण येऊ द्यायचा नाही. सहाव्या स्थानी जगण किंवा चार लघू एवढेच चालतात. आणि एवढे सांभाळून दोन्ही अर्धांच्या शेवटी यमक साधायचे. हे नियम कागदावर जड दिसतात. परंतु अक्षरगणवृत्तात जसे प्रत्येक लघुगुरूचे स्थान ठरलेले असते तसे येथे नसते. चार मात्रांच्या आत कवीला हालचाल करता येते, आणि म्हणून बोलण्याची ढब, संवादातील उलटसुलट, एखादा टोमणासुद्धा आर्येत जिवंत राहू शकतो. संपूर्ण महाभारत पंतांनी या छंदात आणले. आर्याभारताची आर्यासंख्या १७,००० च्या घरात जाते. इतक्या आर्या रचल्यावर माणसाच्या कानात मात्रा मोजण्याचे काम उरत नसणार; ते आपोआप होत असणार, आणि मन अर्थासाठी मोकळे राहात असणार. सभापर्वातील किंवा उद्योगपर्वातील वादसंवाद मोठ्याने वाचले म्हणजे हे मोकळेपण कानाला पटते.

तरीही सत्य ते सांगितले पाहिजे. पंतांचे पुष्कळसे काव्य आज वाचवत नाही. यमकासाठी ओढून आणलेला शब्द, संस्कृत समासांची दाटी, अर्थाला पिळवटून छंदात कोंबणे, या गोष्टी त्यांच्या पानोपानी आढळतात आणि कोणत्याही पक्षपाताने त्या झाकता येत नाहीत. इंग्रजी विद्येचा प्रसार झाल्यावर नव्या शिक्षितांनी पंतांना नुसते यमके जुळविणारे ठरविले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या निबंधमालेतून त्यांची बाजू मोठ्या आवेशाने मांडली. शास्त्रीबुवांचा अभिमान रास्त होता; मात्र पंतांचे खरे समर्थन त्यांच्या राशीभर ग्रंथांत सापडत नाही. ते उत्तरायुष्यातल्या केकावलीत सापडते.

केकावली हा सव्वाशेच्या आतबाहेर श्लोकांचा लहानसा ग्रंथ. वृत्त पृथ्वी: सतरा अक्षरे, आठव्या अक्षरावर यती, आणि प्रत्येक लघुगुरूचे ठिकाण पक्के. आर्येत मिळणारी मोकळीक येथे मुळीच नाही. विषयही कथा नाही. मयूर जसा मेघाकडे पाहून टाहो फोडतो तसा या मयूरकवीने परमेश्वराकडे फोडलेला टाहो एवढाच विषय. म्हणजे आयुष्यभर ज्या दोन आधारांवर त्यांनी काम केले, परिचित कथा आणि लवचिक छंद, ते दोन्ही त्यांनी बाजूला ठेवले. आणि येथे, सर्वांत घट्ट वृत्तात, पंतांचा स्वर सर्वांत सरळ लागतो. ते देवाशी भांडतात, त्याला जाब विचारतात, जुन्या भक्तांचे दाखले दाखवून आपला दावा पुढे मांडतात, मध्येच हतबल होतात. आणि वाचणाराला कोठेही असे वाटत नाही की हा मनुष्य वृत्त सांभाळतो आहे. निरोष्ठाच्या आणि मंत्रबंधाच्या तालमीत जो हात घडला त्याच्याच बळावर हे साधले, असे माझे मत आहे. अष्टोत्तरशत रामायणे लिहून झाली नसती तर केकावलीचा कवी आपल्याला मिळाला नसता. आणि ज्यांना केकावली तेवढी हवी आहे आणि रामायणे नकोत, त्यांनी लेखकाच्या आयुष्याचा हिशेब फक्त जमेच्या बाजूने वाचला आहे.

या कवितेचा प्रसार कीर्तनकारांनी केला. लावण्यांनी गाजलेले सोलापूरचे राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी गावोगाव नेल्या, असे परंपरा सांगते. एक शाहीर आणि एक पुराणिक यांचा हा स्नेह मराठी वाङ्मयातील रम्य प्रकरणांपैकी आहे. पेशवाई बुडाली तसे आश्रय, वर्षासने, श्रावणमासातील दक्षिणा हा सगळा संसार उलगडला. परशुरामपंत गोडबोल्यांच्या १८५४ च्या 'नवनीता'तून पंत शाळेत शिरले, आणि ज्यांना पूर्वी स्वेच्छेने श्रोते मिळत असत त्यांच्या आर्यांचा आता पोरांना अन्वय लावावा लागू लागला.

श्रोत्यांची ती सभा गेल्यावर कवीने लिहायचे कोणासाठी? केशवसुतांच्या पिढीला हा प्रश्न फार तीव्रतेने भेडसावला असला पाहिजे. मालगुंडचा हा कवी शाळांतून शिक्षकी करीत गावोगाव फिरला, १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने वारला, आणि त्याच्या कवितांचे पुस्तक निघाले ते १९१७ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या हातून. हयातीत त्याला आधार मिळाला तो मासिकांचा. त्यांत जळगावच्या नारायण नरसिंह फडणिसांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या 'काव्यरत्नावली'चे ऋण महाराष्ट्राने अधिक मोकळेपणाने मान्य करावयास हवे; केवळ कवितेला वाहिलेले मासिक खानदेशातून चालविणे हे धाडस होते, आणि ते फडणिसांनी दीर्घ काळ निभविले. त्याच जळगावात १९०७ मध्ये डॉ. कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाला 'बालकवी' हे नाव मिळाले. नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी त्याला पुढे जी माया आणि जी दुरुस्ती मिळाली तिचा वृत्तांत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. तो ज्याने वाचला नसेल त्याला मी येथे त्रोटक सांगून त्याचा आनंद हिरावून घेणार नाही.

पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले, तेव्हा नाहीशी झालेली श्रोत्यांची सभा नव्या रूपाने परत आली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, माडखोलकर, नाट्यछटाकार दिवाकर ही मंडळी चहाच्या निमित्ताने रविवारी जमत, एकमेकांच्या रचना ऐकत, त्यांवर बोलत, आणि सर्वांच्या वर्गणीने व मेहनतीने लहान लहान संग्रह काढीत. बहुतेक जण पोटासाठी मास्तरकी किंवा कारकुनी करणारे होते. आठवडाभर वह्या तपासून किंवा खर्डे लिहून थकलेल्या माणसाला रविवारी कविता वाचून दाखवायची आहे एवढी एक गोष्ट त्याच्याकडून शनिवारी रात्री ओळी पुऱ्या करून घेते, यात मला काही क्षुद्र वाटत नाही. बारामतीच्या तिसऱ्या प्रहराचेच हे आठवड्याचे रूप आहे. मंडळातील कवींनी काव्यगायनाचे कार्यक्रम करून कवितेला पुन्हा कानापर्यंत पोहोचविले, हेही त्याच धर्माला धरून झाले. दोष नव्हते असे नाही. आठ जणांची अभिरुची एकमेकांवर घासून गुळगुळीत होऊ लागली, कोणाची कविता कोणती हे ओळखणे मधूनमधून कठीण पडू लागले, आणि मित्रांच्या कानाला जे गोड लागते तेच लिहिण्याचा मोह वाढला. बारामतीच्या सभेत विविध वयांचे आणि वृत्तींचे लोक असत; पुण्याच्या चहाला सगळे कवीच होते. हा फरक लहान नव्हे.

त्या मोहातून जो सर्वांत अधिक सुटला तो माधव जूलियन, आणि तो सुटला ते पंतांच्याच मार्गाने, असे मला वाटते. फारसीचे हे प्राध्यापक छंदाच्या बाबतीत कमालीचे कडक. 'छंदोरचना' त्यांनी १९२७ मध्ये काढली, मग दहा वर्षे तीच पुन्हा हाती घेऊन १९३७ मध्ये तिला विस्तृत रूप दिले, आणि पुढील वर्षी मुंबई विद्यापीठाने तिच्यासाठी त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठीतले जुने-नवे छंद, फारसी वृत्ते, जातींचे मात्रागणित, हे सर्व त्यांनी स्वतः लिहून, घासून, मोजून पाहिले होते. गझल मराठीत रुजविण्याचा 'गज्जलांजली'तील त्यांचा उद्योग त्याच अभ्यासाचे दुसरे अंग होय. आणि उमर खय्याम तर त्यांनी एकदा भाषांतरून सोडला नाही. 'उमरखय्यामकृत रुबाया' १९२९ मध्ये मूळ फारसीवरून. 'द्राक्षकन्या' १९३१ मध्ये फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरून. आणि 'मधुलहरी' त्यांच्या निधनानंतर १९४० मध्ये छापून आली. तोच प्याला, तीच साकी, तेच क्षणभंगुरत्व, तीन वेळा. समकालीनांपैकी काहींना हा हट्ट वाटला असेल; परंतु ज्याने तिन्ही पुस्तके शेजारी ठेवून एकेक रुबाई ताडून पाहिली आहे त्याला दिसेल की कवी प्रत्येक वेळी निराळ्या अडचणीला हात घालतो: एकदा मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या, दुसऱ्यांदा परक्या कवीच्या डौलाशी बरोबरी करण्याच्या. मला स्वतःला पहिले भाषांतर अधिक आवडते, त्यातील खडबडीतपणासकट. मात्र ते का आवडते हे मला नीट सांगता येऊ लागले ते उरलेली दोन्ही वाचल्यावर.